स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर रात्री घर निवत नाही : यंदाचा उन्हाळा कसा काढावा?

प्रश्न : वरचा मजला, राजारामपुरी

आमचे घर राजारामपुरीतील एका जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. डोक्यावर थेट स्लॅब आहे, वर सामाईक गच्ची आहे आणि झोपण्याच्या दोन्ही खोल्यांच्या खिडक्या पश्चिमेला उघडतात. कोल्हापूरचा उन्हाळा म्हणजे दुपारी कडक ऊन, चारच्या सुमारास भरून येणारे आभाळ, वळवाची एखादी सर आणि रात्री पंखा कमी करावा लागेल असा गारवा, हे आम्ही वर्षानुवर्षे गृहीत धरत आलो. यंदा वळवाने पाठ फिरवली आहे, पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळतो आहे आणि दुपारच्या झळांपेक्षाही रात्रीचा त्रास जास्त होतो आहे. बाहेर रस्त्यावर बऱ्यापैकी वारा असतो, पण घरात पाऊल टाकले की धग जाणवते. रात्री अकरा वाजतासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही आणि पंखा लावला की वरून गरम हवाच अंगावर येते.

माझी खरी काळजी सासऱ्यांची आहे. त्यांचे वय ७९ आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्याबरोबर लघवीची एक गोळीही आहे. रात्री उठावे लागू नये म्हणून ते संध्याकाळी सातनंतर पाण्याचा तांब्या पुढे केला तरी हाताने बाजूला सारतात. दुपारी त्यांचा चेहरा ओढल्यासारखा दिसतो, पण विचारले तर "मला काही होत नाही" एवढेच म्हणतात.

वातानुकूलन यंत्र घेण्याचा विचार केला होता, परंतु इमारतीतील वायरिंग जुने आहे आणि दोन खोल्यांचा खर्च आम्हाला या वर्षी झेपणारा नाही. कूलर घ्यावा का, गच्चीवर पाणी मारावे का, की आणखी काही करता येईल? प्रत्येक जण वेगळा उपाय सांगतो. कोणता उपाय का लागू पडतो हे समजले तर निवड करणे सोपे जाईल.

उत्तर : बांधकाम क्षेत्रातून

आपल्या वर्णनावरून घराचे दुखणे पुरेसे स्पष्ट आहे, ते म्हणजे स्लॅब. काँक्रीट उष्णता हळूहळू पोटात घेते आणि तितक्याच सावकाश सोडते. दुपारी बारा ते तीन या वेळात वरच्या बाजूला पडलेली उष्णता चार-पाच इंचांच्या स्लॅबमधून खाली उतरायला काही तास लागतात, त्यामुळे छताचा आतला पृष्ठभाग संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात सर्वाधिक तापलेला असतो. शेवटची भाकरी काढून चूल विझवल्यावरही तवा धग देत राहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. बाहेरची हवा निवली तरी आपल्या डोक्यावर तो तवा रात्रभर टांगलेला असतो, आणि छताचा पंखा त्याच्या लगतची गरम हवा खाली ढकलतो.

यात कोल्हापूरच्या जागेचाही भाग आहे. आपले शहर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि काही क्षण उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. याचा अर्थ असा की या दिवसांत दक्षिणेच्या खिडक्या फारशा तापत नाहीत. उन्हाचा मुख्य मारा छतावर आणि त्याखालोखाल पूर्व व पश्चिम भिंतींवर होतो. त्यामुळे पहिला पैसा आणि पहिला कष्ट छतावर खर्च करावा, दुसरा पश्चिमेवर, आणि यंत्रांचा विचार त्यानंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

छतासाठी सर्वांत स्वस्त आणि सिद्ध उपाय म्हणजे पांढरा चुना. गच्ची स्वच्छ झाडून, शेवाळाचे काळे डाग घासून काढावेत, चुना आदल्या दिवशी भिजवून कापडातून गाळून घ्यावा, त्यात चिकटपणासाठी थोडा फेविकॉल मिसळावा आणि ऊन उतरल्यावर पातळ असे दोन ते तीन हात द्यावेत. कळीचा चुना भिजवताना तो उकळतो आणि शिंतोडे डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून चष्मा व हातमोजे वापरावेत आणि लहान मुलांना गच्चीवर येऊ देऊ नये. आपल्याकडचा पावसाळा इतका धुवाधार असतो की हा लेप पुढच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागेल. ज्यांना हा खटाटोप दरवर्षी नको असेल त्यांनी पांढऱ्या फुटक्या टाइल्सची फरशी किंवा ऊन परतवणारा तयार रंग यांचा विचार करावा, मात्र त्याचा खर्च बराच जास्त आहे.

हा केवळ घरगुती तोडगा नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची भीषण लाट आली, त्यानंतर तेथील महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील शहरांमधला तो पहिला मानला जातो. पुढे त्याच कामात वस्त्यांमधील घरांची छते पांढरी करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. अशा छतांमुळे खालच्या खोलीचे तापमान साधारण दोन ते पाच अंशांनी उतरते असा अनुभव आहे. आकडा लहान वाटेल, पण रात्री झोप लागणे आणि न लागणे यांतला फरक तेवढाच असतो.

दुसरा उपाय सावलीचा. गच्चीवर सहा-सात फूट उंचीवर हिरवी जाळी किंवा नारळाच्या विणलेल्या झावळ्या टाकल्या, तर ऊन स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा फिरत राहतो. जाळी स्लॅबवर नुसती अंथरून हा फायदा मिळत नाही. बांधणी मात्र पक्की हवी, कारण वळीव आला की त्याआधीचा वारा अशी जाळी दोन गल्ल्या पलीकडे नेऊन टाकतो.

पश्चिमेच्या खिडक्यांना आतून जाड पडदे लावण्याचा फार उपयोग होत नाही. काचेतून आत आलेले ऊन घरात आलेलेच असते. पडद्याने फक्त उजेड अडतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. बुरुडाकडून खिडकीच्या मापाच्या बांबूच्या तट्ट्या करून घ्याव्यात आणि त्या बाहेरून, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून टांगाव्यात. दुपारी दोनला खाली सोडायच्या आणि सूर्य मावळला की वर गुंडाळायच्या.

हे वर गुंडाळणे विसरू नये, कारण कोल्हापूरला निसर्गाने एक मोठी सवलत दिली आहे. सह्याद्री जवळ असल्यामुळे संध्याकाळनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो, आणि आपल्या खिडक्या नेमक्या त्याच दिशेला आहेत. सकाळी आठ-साडेआठपर्यंत सर्व दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, त्यानंतर बंद करून घर अंधारे करावे, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की पुन्हा सताड उघडावीत. दिवसभर वारा यावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवण्याची आपली सवय अशा दिवसांत घरात नुसत्या झळा भरते. रात्री स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा चालू ठेवला आणि मधली दारे उघडी ठेवली, तर झोपण्याच्या खोलीतून पश्चिमेचा वारा आपोआप आत ओढला जातो. छताच्या पंख्याऐवजी खिडकीजवळ उभा पंखा ठेवावा. त्यामुळे वरची गरम हवा ढवळली जात नाही.

उत्तर : निवृत्त परिचारिका

वरील उत्तर घराविषयी आहे, मी आपल्या सासऱ्यांविषयी लिहिते. शासकीय रुग्णालयातील नोकरीत उन्हाळ्याच्या दिवसांत मी असे अनेक वृद्ध पाहिले, ज्यांना घरच्यांनी "कालपासून जरा गप्प गप्प आहेत" असे सांगत आणले होते. वय झाले की तहानेची जाणीवच मंद होते, घाम कमी येतो आणि शरीर तापल्याचे माणसाला स्वतःला कळत नाही. त्यामुळे "मला काही होत नाही" हे त्यांचे म्हणणे खोटे नसते, पण त्यावर विसंबूनही चालत नाही.

रात्री उठावे लागते म्हणून पाणी टाळणे हा जवळजवळ प्रत्येक घरातला प्रश्न आहे. त्यावर भांडण करण्यापेक्षा पाण्याची वेळ बदलावी. सकाळी उठल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत तासातासाला अर्धा पेला पाणी, ताक किंवा पातळ आंबील हातात द्यावी. समोर तांब्या ठेवून "प्या" म्हणण्यापेक्षा हातात दिलेला पेला सहसा संपतो. रात्री खाटेजवळ भांडे ठेवावे आणि वाटेत मंद दिवा असावा, म्हणजे उठण्याची भीतीही कमी होते.

लघवीची गोळी शरीरातील पाणी व क्षार बाहेर टाकते, आणि उन्हाळ्यात घामावाटेही तेच होत असते. त्यामुळे काही रुग्णांचा रक्तदाब एकदम खाली येतो, उठून उभे राहताना अंधारी येते आणि पडझड होते. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये. येत्या दोन-चार दिवसांत रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा, ते आकडे डॉक्टरांना दाखवावेत आणि उन्हाळ्यापुरता डोस किंवा वेळ बदलायची का, हे त्यांनाच विचारावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास दिवसाला किती पाणी चालेल हेही त्यांनीच ठरवून द्यायचे असते. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला अशा रुग्णांना सरसकट लागू होत नाही.

ओआरएसविषयीही एक गैरसमज दिसतो. अख्खे पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते. पेलाभर पाण्यात पाव पाकीट अंदाजाने टाकणे योग्य नाही, आणि तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. हे जुलाब-उलटी झाल्यावर किंवा घामाने थकवा आल्यावर द्यायचे आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने ते रोजचे सरबत म्हणून घेऊ नये.

आता धोक्याची लक्षणे. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, लघवी गडद पिवळी व कमी होणे, ही पहिली पायरी आहे. सावलीत झोपवावे, कपडे सैल करावेत, ओल्या पंचाने अंग पुसावे आणि घोट घोट पाणी द्यावे. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखीच्या माणसाला ओळखेना, त्याचा तोल जाऊ लागला किंवा त्याला झटका आला आणि अंग चटका बसेल इतके तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. यात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक गेलेले असते. घाम थांबलेलाच असेल असेही नाही, त्यामुळे घामावरून निष्कर्ष काढू नये. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. अंगावर पाणी ओतावे, जोरात पंखा लावावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ कापडात गुंडाळून ठेवावा. तापाची गोळी येथे काम करत नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

झोपण्यापूर्वी साध्या पाण्याने आंघोळ, पातळ सुती कपडे आणि फोमच्या गादीऐवजी कापसाची गादी, एवढ्यानेही रात्र पुष्कळ सुसह्य होते. खाट शक्य तितकी बुटकी असावी, कारण खोलीतील गार हवा खालीच असते. त्यांना जमिनीवर झोपवू नका. या वयात तेथून उठणे अवघड जाते.

उत्तर : शुक्रवार पेठ

ताई, आमचे घर पेठेतले, दगडामातीच्या जाड भिंतींचे आणि कौलारू. कौलांच्या फटींतून वरची गरम हवा निघून जायची, कौलांखाली माळा असायचा, त्यामुळे उन्हाचा ताप माळ्यावरच थबकायचा आणि सोप्यात बसणाऱ्याला तो जाणवत नसे. मागे परडे आणि त्यात एखादे शेवग्याचे झाड. ही घरे आता एकेक करून उतरवली जात आहेत आणि त्या जागी उभी राहणारी स्लॅबची घरे आपल्यासारखीच तापतात. जुने सगळे परत आणता येणार नाही हे मान्य आहे, पण त्यातले तत्त्व उचलता येते. बांधकामातल्या सद्गृहस्थांनी गच्चीवर जाळी उंच बांधण्याविषयी जे लिहिले आहे, तो आमचा माळाच आहे.

माठाविषयी थोडे सविस्तर लिहितो. माठाच्या अंगातून पाणी झिरपते आणि वाऱ्याने सुकते, म्हणून आतले पाणी गार होते. तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कट्ट्याखाली ठेवला तर त्याचा निम्मा गुण जातो. शाहूपुरीतील कुंभार गल्लीतून किंवा बापट कॅम्पमधून बाहेरून रंग न दिलेला, अंगाला खरखरीत लागणारा माठ घ्यावा, कारण रंगाने त्याची छिद्रे बुजतात. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि पहिली दोन पाणी टाकून द्यावीत. खाली ओली वाळू, अंगाला ओले फडके आणि जागा वाऱ्याची, एवढे सांभाळले की फ्रिजच्या पाण्याची आठवण होत नाही. दर आठवड्याला माठ नारळाच्या शेंडीने आतून घासावा, साबण मात्र लावू नये. पाण्यात वाळ्याची जुडी टाकली तर सुगंधही येतो.

खिडकीला बाहेरून तट्टीऐवजी वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडले, तर आत येणारा वारा गार होतो. हा पडदा महाग पडतो, म्हणून तो सासऱ्यांच्या खोलीपुरता घ्यावा.

खाण्यापिण्यात नाचणीची आंबील, ज्वारीच्या कण्या आणि ताक, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत यांवर आमच्या आधीच्या पिढ्यांनी उन्हाळे काढले. आंबील सकाळी करून ताक घालून ठेवली की दुपारी दोनपर्यंत पोटाला आधार राहतो आणि चुलीसमोर दुसऱ्यांदा उभे राहावे लागत नाही. तालमीतील थंडाईची गोष्ट मात्र वेगळी आहे. बदाम, खसखस, बडीशेप घोटून केलेली ती थंडाई मेहनत करणाऱ्या पैलवानाचा खुराक आहे, ७९ वर्षांच्या माणसाला ती पचायला जड जाईल. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगर चढणाऱ्या भाविकांना गावोगावची मंडळे ताक आणि पाणी देतात, त्यामागे हेच शहाणपण आहे : उन्हात हलके आणि पातळ.

उत्तर : वरचा मजला, राजारामपुरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रक्तदाब आज बसून आणि उभे राहून मोजला. उभे राहिल्यावरचा आकडा बराच खाली आला, म्हणून उद्याच डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. चुन्याला इमारतीतील बहुतेकांची संमती आहे. एका बिऱ्हाडाचे म्हणणे असे आहे की चुन्यापेक्षा रोज संध्याकाळी गच्चीवर पाणी सोडावे, परंतु मला पाण्याचीही चिंता वाटते आणि स्लॅबचीही. कूलरबद्दलही अजून ठरत नाही.

उत्तर : बांधकाम क्षेत्रातून

आपली चिंता रास्त आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळजवळ दोन तृतीयांश युनिट. पाण्यात शक्ती आहे यात शंका नाही, पण ती वाफ होणाऱ्या पाण्यात आहे, नळीने सोडून पन्हाळीतून वाहून जाणाऱ्या पाण्यात नाही. त्यामुळे पाणी वापरायचेच असेल तर गच्चीवर जुनी तागाची पोती अंथरावीत आणि कपडे खळबळलेले शेवटचे पाणी बादलीने त्यांवर शिंपडावे. सासऱ्यांच्या खोलीवरचा भाग तेवढा ओला ठेवला तरी पुरे. भर उन्हात तापलेल्या स्लॅबवर एकदम गार पाणी ओतणे टाळावे, त्याने तडे वाढतात. आणि इमारत जुनी असल्यामुळे आधी खालून छत पाहून घ्यावे. कोठे ओल, पोपडे किंवा गंजलेली सळई दिसत असेल तर पाण्याचा विचार सोडून द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी त्या जागेची दुरुस्ती करावी.

कूलरचे तत्त्व माठाचेच आहे, म्हणून तो कोरड्या हवेत उत्तम चालतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो हवा दहा अंशांहून अधिक गार करू शकतो, पण मेच्या मध्यानंतर आभाळ भरू लागले आणि हवेत दमटपणा आला की तोच कूलर अंग चिकचिकीत करतो. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढेल असा बसवावा आणि समोरचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत लावलेला कूलर काही वेळात निरुपयोगी होतो. त्याची टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

पुढे कधी वातानुकूलन घेतलेच, तर सासऱ्यांच्या एकाच खोलीसाठी लहान यंत्र घ्यावे, मीटरपासून स्वतंत्र वायर ओढून घ्यावी आणि अति उकाड्याच्या रात्री सर्वांनी त्याच खोलीत झोपावे. तापमान २६-२७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला की पुरते. देशात जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवलेले असते, त्याहून खाली नेण्याची गरज नसते. चुना मात्र तरीही द्यावा, नाहीतर यंत्र रात्रभर स्लॅबशी झुंजत राहते आणि बिल आपण भरतो.

उत्तर : उद्यमनगर

घराची चर्चा चांगली चालली आहे, पण शहरातला उन्हाळा घराबाहेर काढणाऱ्यांविषयीही येथे लिहिले पाहिजे असे वाटते. माझे लहान वर्कशॉप आहे आणि शेजारी फौंड्री आहे. पत्र्याची शेड, आत भट्टी आणि साच्यात ओतला जाणारा सुमारे १,४०० अंशांचा लोखंडाचा रस, अशा ठिकाणी बाहेरचे तापमान दोन अंशांनी वाढले तर आतल्या माणसाचे काय होते हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. ओतकाम करणाऱ्याच्या शर्टावर घाम वाळून मिठाचे पांढरे नकाशे उमटतात.

आमच्याकडे आता उन्हाळ्यात काम सकाळी सहाला सुरू होते, दुपारी बारा ते चार बंद राहते आणि जड काम रात्रीच्या पाळीत जाते. पाण्याचा पिंप यंत्रांपासून दहा पावलांच्या आत ठेवला आहे, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पिण्यासाठी हातातले काम सोडायला कोणी आडकाठी करायची नाही असा नियम आहे. एकदम तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा हे थोडे थोडे पाणी जास्त उपयोगी पडते. पत्र्याला बाहेरून पांढरा रंग दिला आहे आणि शेडच्या माथ्यावर वाऱ्याने फिरणारे पंखे बसवले आहेत.

एका गोष्टीकडे मालक मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे सर्वाधिक धोका नव्याने कामावर आलेल्या मुलाला आणि गावी जाऊन परतलेल्या कामगाराला पहिल्या काही दिवसांत असतो. नेमके त्याच दिवसांत तो स्वतःला सिद्ध करण्यासाठी जास्त राबतो आणि त्रास झाला तरी अंगावर काढतो. त्याला पहिले चार-पाच दिवस भट्टीपासून लांबचे आणि कमी वेळाचे काम द्यावे, आणि त्याच्यासोबत एक जुना माणूस असावा. मार्केट यार्डातील हमाल, रिक्षाचालक आणि कपिलतीर्थ मंडईत भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी यांना मात्र असा कोणी मालक नाही. त्या मावशी मेथीच्या जुड्यांवर ओले पोते टाकतात, मग त्यातलेच पाणी ओंजळीत घेऊन मानेवर लावतात. आपल्या दारासमोर, सावलीत, झाकण असलेला माठ आणि दांडीचे ओगराळे ठेवणे प्रत्येक दुकानदाराला शक्य आहे. पाणपोई घालण्यासाठी मंडळाची वर्गणी लागत नाही.

उत्तर : निवृत्त परिचारिका

वरील उत्तरास एक जोड देते. हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानतो. शिवाय ते तापमान सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीतल्या तापमापकाचे असते. कोल्हापुरात ३९ अंश आणि वर दमट हवा असेल तर इशारा येणारच असे नाही, पण पत्र्याखालच्या किंवा स्लॅबखालच्या माणसाला त्या दिवशीही ऊन लागू शकते. म्हणून सासऱ्यांच्या खोलीत एक साधा तापमापक टांगावा आणि निर्णय त्यावर घ्यावेत. खोली ३५ अंशांच्या वर जाऊ लागली की नुसत्या पंख्याचा भरवसा धरू नये. त्यांचे हात, मान आणि पाय ओल्या पंचाने पुसून मग वारा द्यावा, आणि दुपारी शक्य असेल तर त्यांना खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे दोन-तीन तास बसवावे.

वैयक्तिक संदेशातून एका वाचकाने इन्सुलिनविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर येथेच देते, कारण ते अनेकांना लागेल. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून मुळीच ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरायचे नसते. फ्रिज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, बाटली कोरड्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात ठेवावी, वर ओले फडके टाकावे आणि वाळू दिवसातून दोनदा भिजवावी. प्रवासात ती गाडीच्या डिकीत किंवा दुचाकीच्या सीटखाली ठेवू नये. आणि नेहमीचाच डोस घेऊनही साखर अचानक वाढलेली दिसली, तर डोस वाढवण्यापूर्वी ती बाटली उष्णतेने खराब झाली आहे का, हे औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना दाखवून घ्यावे.